दहा ओळींची बाई

१७ जून, सोमवार

मुलांना ‘रोज पाच ओळी लिहा’ म्हणून पिडायचं आणि स्वतः किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहायचं नाही, हा दुटप्पीपणा झाला. म्हणून आजपासून मीही लिहिणार. इंग्रजी शिकवणारी बाई डायरी मराठीत लिहिते म्हणून कुणाला हसायचं तर हसू दे. वाचणार तरी कोण आहे?

तर आज कुंभारीत माझा स्वतःचा क्लास सुरू झाला! शहरातल्या त्या क्लासात बरीच वर्षं घासली. मालकांचं एकच म्हणणं, ‘रुपाली मॅडम, समजावत बसू नका, पाठ करून घ्या.’ एक दिवस मी त्यांनाच नीट समजावलं आणि बाहेर पडले. इथं जागा मिळाली ती फुलाबाईंच्या घराची पुढची खोली. मागच्या बाजूला त्या, त्यांचे मालक धुळाप्पा, मुलगा कुमार आणि पंचवीसेक शेरडं-मेंढरं. माझी राहायची सोय शेजारच्या लहान खोलीत. भाडं विचारलं तर फुलाबाई म्हणाल्या, “बगू की मागनं. आदी पोरं तर येऊ द्या.” अशी घरमालकीण मला स्वप्नातही भेटली नव्हती.

भिंतीवर फळा आधीच रंगवलेला होता. “आमची सून घ्यायची की कलास,” फुलाबाई म्हणाल्या.

“आता कुठं असतात त्या?”

“पुस्तकं आणाय गेलीया. शहरात, सात रस्त्याला.”

“मग संध्याकाळी भेटतील.”

यावर त्या पदरानं फळा पुसायला लागल्या. मी समजले. सून भांडून गेली असणार आणि म्हातारी झाकून घेते. माझा संसारही असाच कुठंतरी पुण्याला निघून गेलाय, ना मोडला ना चालू, त्यामुळे मी खोदून विचारलं नाही.

माझी लेक ऋतुजा जेऊरला माझ्या आईजवळ आहे. तिसरीत गेली. दिवाळीपर्यंत क्लास उभा राहिला की तिला इथं आणायचं. मला एवढंच करायचंय, बाकीचा सगळा खटाटोप त्यासाठीच.

२१ जून

मुलं आली, चांगली खोलीभर आली. बहुतेकांच्या आया विड्या वळतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, आणि त्यावर मी इंग्रजी ओतणार. मुलं बिचारी बुडत कशी नाहीत हेच नवल.

पाठांतर बंद, हा माझा पहिला नियम. शब्द शिकायचा तर ती वस्तू हातात घ्यायची. आज एकानं शेळीचं करडू आणलं, त्यानं ‘किड’ हा शब्द शिकवला आणि सतरंजी ओली केली. दुसरा नियम म्हणजे ‘बघा आणि लिहा’. निबंध म्हणजे दुसरं काही नाही. ‘माझं घर’वर पाच ओळी सांगितल्या. लावण्या नावाची एक किडकिडीत मुलगी आहे. तिनं लिहिलं की आमच्या घराला एकच दार आहे, आई दारात बसून विड्या वळते, उजेड फक्त तिच्या हातांवर पडतो. क्रियापदं सगळी चुकलेली. मी तिला दहापैकी दहा दिले आणि नाक पुसायला बाहेर गेले.

एक गंमत आहे. सतरंजीवर मुलं दाटीवाटीनं बसतात, पण दाराजवळ एक लाल बस्कर टाकलेलं असतं, त्यावर कुणी बसत नाही. सिदू नावाच्या पोराला म्हटलं, बस की तिथं, हवा येते. तो म्हणाला, “ती जागा हाय, बाई.” कुणाची ते नाही सांगितलं.

२ जुलै

आज भलताच प्रकार झाला. ‘माय टीचर’ निबंध दिला. म्हटलं, समोर उभीच आहे, बघा आणि लिहा. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहून दिलं. सगळ्यांचा निबंध अक्षरशः एकच निघाला, ओळीला ओळ जुळणारा. मराठीत सांगायचं तर असा:

आमच्या बाईंचं नाव संस्कृती मॅडम. त्या आम्हाला इंग्रजी शिकवतात. त्यांची वेणी लांब आहे. त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या असतात. त्यांच्या डाव्या हातावर भाजल्याची खूण आहे. त्या हळू आवाजात बोलतात. त्यांना शेंगाची चटणी आवडते. त्यांची मुलगी अंबू दाराजवळ बसते. त्या लाल स्कूटरवरून सात रस्त्याला जातात. त्या आमच्यासाठी नवीन पुस्तकं आणतात.

आता माझं वर्णन. केस मानेपर्यंत, तेही स्वतः कापलेले. हातात बांगडी नाही, वडिलांचं जुनं घड्याळ, मनगटाला मोठं होणारं. शेंगाच्या चटणीनं पित्त उठतं. आणि आवाज? जेऊर स्टेशनवर मी हाक मारली तर गाडी थांबेल.

म्हणजे हा फुलाबाईंच्या सुनेनं पाठ करून घेतलेला निबंध. म्हटलं, “अरे, ही बाई कोण?”

“तुमीच की, बाई.”

“सिदू, इकडं ये. माझ्या हातात काय आहे?”

“वॉच.”

“मग काय लिहायचं?”

त्यानं शांतपणे लिहिलं, ग्रीन बँगल्स. मी कपाळावर हात मारला. तो मला समजावू लागला, “बाई, तुमी हातात काय हाय ते इचारलं, ते सांगितलं की. निबंधात बांगड्याच असत्यात.”

हा तर्क लिहून ठेवण्यासारखाच आहे!

मग त्यांना तो म्हणायला लावला. सगळ्यांनी एका सुरात म्हटला, आणि अंबूची ओळ आली तेव्हा सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. मीही पाहिलं. दारात काही नव्हतं, बस्करावर ऊन पडलं होतं.

१९ जुलै

शाळेत घटक चाचणी झाली. ‘माय टीचर’च आला. माझं ऐकून ज्या तिघांनी खरं वर्णन लिहिलं त्यांचेच मार्क कापले. शाळेत जाऊन इंग्रजीच्या सरांशी भांडले. ते म्हणाले, “मॅडम, तो निबंध इथं सगळ्यांना माहीत आहे. तपासायला सोपा पडतो.” लावण्याची आई संध्याकाळी आली आणि हात जोडून म्हणाली, “बाई, पोरीचे मार्क जाऊ देऊ नका हो, जुनाच असू द्या.”

मुलं गेली तर क्लास गेला आणि क्लास गेला तर ऋतुजा जेऊरलाच. मी माघार घेतली. बाकी सगळे निबंध बघून लिहायचे आणि ‘माय टीचर’ तेवढा जुना. एका निबंधानं माझं काय जाणार आहे?

४ ऑगस्ट, रविवार

ऋतुजाशी फोनवर आमचा रोजचा खेळ. आज काय पाहिलंस, पाच ओळी सांग. आज म्हणाली, “आजीच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलीये. मांजर दुधाकडं न बघता माझ्याकडं बघतं. तू फोनवर हसताना तोंडावर हात ठेवतेस, मला ऐकू येतं.” पोरगी माझ्यापेक्षा चांगली शिक्षक होणार. फोन ठेवल्यावर तिची फार आठवण आली.

फुलाबाई रोज तिची चौकशी करतात. “केवडी हाय? उंचीला कुटवर येतीया?” मी हात करून दाखवला. त्यांनी आत जाऊन खुंटीवरचा पिवळा झगा काढला, माझ्या हाताशी धरून बघितला आणि म्हणाल्या, “बरुबर हुतोय की.” मग परत खुंटीवर लावला. लोकांना दुसऱ्याच्या लेकराची इतकी माया असू शकते, मला भरून आलं.

कुमार मात्र विचित्र माणूस आहे. टॉवेलच्या कारखान्यात जातो, येता-जाता मला बघून तोंड फिरवतो. आज मी अंगणात पाठमोरी उभी होते, तर त्याच्या हातातली बादली पडली.

केस वाढलेत. खांद्याखाली आले. इथलं पाणी मानवलं म्हणायचं.

२५ सप्टेंबर, बुधवार

हे लिहायलाच हवं, आणि जसं झालं तसं लिहायला हवं.

परवा फुलाबाई म्हणाल्या, “बुधवारी आमच्याकडं जेवाय या. सवाष्ण म्हणून.” मी हो म्हटलं. आज सकाळी कासारीण आली. मी नको नको म्हणताना फुलाबाईंनी माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. घड्याळाच्या कडेला काकण फुटतं म्हणून घड्याळ काढून खुंटीला लावलं, पिवळ्या झग्याशेजारी. मुलं बांगड्या बघून इतकी खूश झाली की जणू मीच परीक्षेत पास झाले होते.

पाटावर बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पितृपंधरवडा. नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं आज सवाष्ण जेवू घालतात. माझ्या आईनंही माझ्या काकूच्या नावानं किती वर्षं घातली होती. म्हणजे संस्कृती कुठं निघून गेली नव्हती.

धुळाप्पा एरवी बोलतच नाहीत. आज दारातून म्हणाले, “मोठ्या रस्त्याला लागतानाच गेल्या दोगी. मागल्या थंडीत. टँकर हुता. सून म्हंजी हिच्या सख्ख्या भावाची पोरगी. हिला आत्याच म्हनायची शेवटवर.” फुलाबाई लगेच म्हणाल्या, “गप बसा. पुस्तकं आणाय गेल्यात.” आणि मला खीर वाढली.

मला उठून जायचं होतं. पण ते जमेना. त्या म्हातारीचा चेहरा बघवत नव्हता. मी जेवले. त्यांनी शेंगाची चटणी वाढली, तीही खाल्ली. शेजारी आणखी एक लहान ताट मांडलं होतं, त्यावर कुणी नव्हतं. “लेकीचं,” फुलाबाई म्हणाल्या. “लेक न्हाय आणली तुमी. पुढल्या बारीला आणा.”

मधेच वडे तळताना त्यांनी मला चुलीपाशी हाक मारली, “तेवडा वडा उलटा की.” सवाष्णीला कुणी चुलीपाशी बोलावतं का? पण गेले. तेल उडालं, डावा हात भाजला. फोड मोठा आलाय. डाव्या हातावर. लिहिताना आता लक्षात आलं आणि हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही.

पित्त उठलं नाही, हे एक बरं.

१२ ऑक्टोबर, दसरा

घसा बसलाय, तो उघडतच नाही. ओव्याचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं. पण वर्गात एक चमत्कार दिसतो. हळू बोललं की मुलं जास्त ऐकतात. सगळी पुढं सरकून बसतात. इतकी वर्षं उगाच ओरडले.

संध्याकाळी आईला सोनं घ्या म्हणून फोन केला. तिनं तीनदा विचारलं, “कोण बोलतंय?” मी रुपाली म्हटल्यावर म्हणाली, “माझ्या रुपालीचा आवाज मला कळत नाही होय?” आणि फोन ठेवला. मग ऋतुजानं स्वतः फोन केला आणि नुसतीच ऐकत राहिली. म्हटलं, आज काय पाहिलंस? ती म्हणाली, “आधी तू हस.” मी हसले. ती म्हणाली, “हात ठेवला नाहीस.”

मला भीती वाटली, खरंच. खुंटीवरचं घड्याळ काढून हातात घालून बघितलं. बंद पडलं होतं, आणि बांगड्यांमुळे बसेनाही. बांगड्या काढाव्यात म्हणून साबण लावला. निघाल्या नाहीत. उद्या काढू.

२६ ऑक्टोबर

सहामाहीचे पेपर मिळाले. सगळ्या मुलांना निबंधात पूर्ण मार्क. लावण्याच्या आईनं पेढे आणले. नवीन मुलं यायला लागलीत, ओसरीवर बसतात. म्हणजे क्लास उभा राहिला! दिवाळी झाली की ऋतुजाला आणायचं. मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही.

दुपारी कुमार पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. जमिनीकडं बघत म्हणाला, “मॅडम, एक सांगतो. लेकीला आणू नका. आन तुमी बी जावा हितनं.”

“का? मी काय वाईट केलं?”

“तुमी न्हाय. आई बी वाईट न्हाय. पर तिला पुस्तकं पायजेत. ती म्हनती, गेल्या त्या वाटंनं जाऊन पुस्तकं घिऊन परत आल्या की झालं. मग कुनी गेलंच न्हाय असं हुतंय.”

मी म्हटलं, म्हातारीच्या दुःखाचं एवढं काय मनावर घेता. त्यानं खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्यादेखत विहिरीत टाकली. संध्याकाळी पिशवी घेऊन चाकणला कामाला निघून गेला. जाताना वळून बघत होता. बघू नये तसं बघत होता.

फुलाबाईंना सांगितलं. त्या मेंढरांना पाला टाकत होत्या. “टाकू दे की. दुसरी किल्ली हाय.”

स्कूटर गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. लाल. पुढचा पत्रा नवा बसवलाय.

६ नोव्हेंबर

ऋतुजा आली! आईनं तिला जेऊरला गाडीत बसवलं, गावातल्या एका बाई सोबतीला होत्या. मी स्टेशनवर उभी होते तर पोरगी माझ्या समोरून पुढं निघून गेली. हाक मारली तेव्हा थांबली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. केस, बांगड्या, हात. “आई, तू उंच कशी झालीस?” म्हणाली. पोरं काहीही बोलतात.

घरी येताच फुलाबाईंनी तुकडा ओवाळून टाकला आणि पिवळा झगा अंगात घातला. बरोबर झाला. क्लासला आल्यावर ती सतरंजीवर लावण्याशेजारी बसायला गेली, तर मुलांनी सरकून जागाच दिली नाही. सगळ्यांनी दाराकडं बोट केलं. बसली बिचारी बस्करावर. मग मुलांनी न सांगता निबंध म्हटला. इतका सुरेख त्यांनी कधीच म्हटला नव्हता. अंबूची ओळ आली तेव्हा सगळी हसली. फुलाबाई आतल्या दारात उभ्या राहून रडत होत्या. आनंदानं.

मलाही फार समाधान वाटलं. सगळ्या जागा भरल्यासारखं.

१८ नोव्हेंबर

वर्गात ‘माय टीचर’ लिहायला दिला. सगळ्यांनी छान लिहिला. दाराजवळच्या मुलीनं मात्र मनचं लिहिलं. तिचा निबंध उतरवून ठेवते, म्हणजे चूक कशी होते ते मुलांना दाखवता येईल.

‘माझी शिक्षिका माझी आई आहे. ती बुटकी आहे. तिचा आवाज मोठा आहे. ती आजोबांचं घड्याळ घालते. तिला शेंगाची चटणी चालत नाही. हसताना ती तोंडावर हात ठेवते. तिनं मला बघ आणि लिही असं शिकवलं. मी रोज बघते. मला ती दिसत नाही.’

व्याकरण बरं आहे. पण एकही ओळ विषयाला धरून नाही. शून्य दिलं आणि जुना निबंध पाठ करायला सांगितला. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. मुलांनी असं टक लावून बघू नये. तिनं ज्या बाईबद्दल लिहिलं ती भली असावी, असं मात्र वाटलं. जराशी वेंधळी, पण भली.

२ डिसेंबर

खुंटीवरचं ते मोठं पुरुषी घड्याळ मुलीनं घेतलंय. किल्ली देऊन चालू केलंय म्हणे. झग्याच्या बाहीत लपवून घालते. काढ म्हटलं तर हात मागं घेते. आत्या म्हणाल्या, राहू दे, लेकरू हाय.

थंडी चांगली पडलीय. सकाळी रस्ता दिसत नाही, इतकं धुकं.

७ डिसेंबर

तिला निबंध तोंडपाठ झाला. आज पहिल्यांदा तिनं सगळ्यांबरोबर म्हटला, एकही ओळ न चुकता. आठवी ओळ म्हणताना जरा थांबली आणि माझ्याकडं बघितलं, मग तीही म्हणाली. आत्यांनी तिच्या हातावर गूळ ठेवला.

मुलं विचारतात, “बाई, पुस्तकं कवा आणणार?” खरंच की. इतके दिवस बिचारी वाट बघतायत. नवा शब्दकोश, व्याकरणाचं लहान पुस्तक, निबंधमाला. सात रस्त्याला सगळं एका दुकानात मिळतं. मामांना विचारलं तर ते मेंढरं घेऊन माळावर निघून गेले. कुणाचा तरी अपघात झाला होता या रस्त्याला असं कधीतरी त्यांनीच सांगितलं होतं. कुणाचा ते आठवत नाही.

संध्याकाळी ओसरीवर मुलगी फोनवर कुणाला तरी हळू आवाजात काही सांगत होती. पाच ओळींत सांगितलं आणि ठेवला.

९ डिसेंबर, सकाळ

स्कूटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. आत्यांनी चाकांखाली लिंबू ठेवलं, माझ्या ओटीत खण घातला आणि म्हणाल्या, “जा बाय. पुस्तकं घिऊन ये. या बारीला ये.” मी म्हटलं, येते की आत्या, लांब का आहे? मुलंही सकाळीच अंगणात येऊन उभी राहिलीत. लावण्या तेवढी मागं उभी आहे आणि तोंड झाकून रडतेय. का ते सांगत नाही.

आताच जेऊरहून एका बाईंचा फोन आला. मला रुपाली म्हणत होत्या. रडत होत्या. म्हणाल्या, “मी गाडीत बसलेय, दुपारपर्यंत पोचते, पोरीला कुठं नेऊ नकोस.” भल्या बाई दिसतात, त्यांना उगाच काळजी लागलीय. मी म्हटलं, या ना. तोवर आम्ही सात रस्त्याहून परत येऊच.

रस्ता अजून दिसत नाही. अंबू बस्करावरून उठून दारात उभी आहे. एका हातानं चौकट धरलीय, दुसरा हात झग्याच्या बाहीत, त्या घड्याळावर. मी केव्हाची बोलावतेय, पण ती चौकट सोडत नाही. “आधी एकदा हस,” म्हणते.